रिपोर्टात एसआय जॉइंट, दुखतो मात्र खुबा

मागच्या अंकात कंबरदुखीवर लिहिलं आणि प्रश्नांचा ढीग आला. वाचत गेले तसं लक्षात आलं की यातले निम्मे प्रश्न कमरेचे नाहीतच, खुब्याचे आहेत. यात चूक कुणाची नाही. मराठीत 'कंबर' हा शब्द इतका ऐसपैस आहे की बरगड्यांखाली सुरू होतो तो थेट मांडीपर्यंत जातो, पेशंट म्हणतो कंबर दुखते आणि हात ठेवतो कुल्ल्यावर नाहीतर जांघेत. म्हणून या वेळी फक्त खुबा आणि त्याच्या शेजारचे ओटीपोटाच्या हाडांचे सांधे (एसआय, म्हणजे सॅक्रोइलियक जॉइंट, त्यातलाच), एवढंच घेतलंय. पत्रं लांबलचक होती, मी कापलीत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न: वय ५४. दीड वर्ष झालं, उजव्या कुल्ल्यात दुखतं, कधीकधी जांघेत. कमरेचा एमआरआय केला तर त्यात दोन्ही एसआय जॉइंटमध्ये झीज आली. तिथे इंजेक्शनही झालं, फरक पडला की नाही तेही नीट सांगता येत नाही मला. आता दुसऱ्या डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे काढला तर खुब्यातही झीज! मग आधी नक्की काय झिजलं आणि इलाज कशाचा करायचा?

उत्तर: आधी काय झिजलं हे नुसत्या रिपोर्टवरून कुणीच सांगू शकणार नाही, पण आत्ता दुखतंय कशामुळे हे शोधता येतं, आणि तुम्हाला खरं तर तेच हवंय.

थोडी हाडांची ओळख करून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. ओटीपोटाची हाडं म्हणजे एक कडं समजा. मागे मधोमध त्रिकास्थी, म्हणजे मणक्याचा तळाचा पाचरीसारखा भाग, दोन्ही बाजूंना दोन मोठी पसरट हाडं, आणि ती पसरट हाडं पुढे येऊन एकमेकांना भेटतात. मागे त्रिकास्थीला चिकटतात ते दोन एसआय जॉइंट, पुढे भेटतात तो सिम्फिसिस. म्हणजे कड्याला तीन सांधे. आणि त्याच पसरट हाडांच्या बाहेरच्या अंगाला उखळ असते, तिच्यात मांडीच्या हाडाचा गोळा बसतो, तो आपला खुबा. आता फरक बघा. खुबा भरपूर हलणारा सांधा, गुडघा पोटाशी घेताना १२० अंशांच्या आसपास वाकतो. आणि एसआय जॉइंट हलतो जेमतेम दोन-तीन अंश, सरकतो मिलिमीटरभर. हलणं हे त्याचं काम नाहीच, वरचं वजन पायांकडे आणि पायांचे दणके मणक्याकडे जाताना मध्ये थोडासा लवचिकपणा द्यायचा, बास.

आता खुबा आखडला की काय होतं? चालताना मागचा पाय अंगाच्या मागे जायला खुबा दहा-पंधरा अंश तरी मागे जावा लागतो. झिजलेल्या खुब्यात आधी जातं ते पाय आत वळवणं, मग हे मागे जाणंही कमी होतं. पण आपण काही चालायचं थांबत नाही ना, मग खुब्यात न मिळालेली हालचाल शरीर शेजाऱ्यांकडून उसनी घेतं, ओटीपोट पुढे झुकतं, कमरेची कमान वाढते, अख्खं कडं पावलागणिक थोडं पिळलं जातं, आणि दोन-तीन अंशांची ऐपत असलेल्या सांध्याकडे जास्तीची मागणी सुरू होते. एका पावलात काही बिघडत नाही, पण दिवसाची हजारो पावलं आणि अशी वर्षानुवर्षं.

याचा सगळ्यात बोलका पुरावा एका जुन्या ऑपरेशनमध्ये सापडतो. खुबा बदलायची शस्त्रक्रिया रुळण्याआधी खराब झालेला खुबा सरळ जोडून टाकायचे, हाडाला हाड, हालचाल शून्य. खुब्याचं दुखणं जायचं, माणूस कामाला लागायचा. आणि वीस-पंचवीस वर्षांनी त्यातले कितीतरी जण परत यायचे, कंबर आणि गुडघा घेऊन. नंतर काहींचा जोडलेला खुबा सोडवून तिथे कृत्रिम सांधा बसवला तर बऱ्याच जणांची कंबर हलकी झाली, मणक्याला हातही न लावता! मला विचाराल तर खुबा आणि शेजारचे सांधे यांचं नातं समजायला एवढं एक उदाहरण पुरतं. १९८३ साली ऑफिएर्स्की आणि मॅकनॅब या दोन सर्जननी खुबा आणि मणका एकमेकांच्या दुखण्यात कसे गुंततात यावर लिहिलं आणि त्याला 'हिप-स्पाइन सिंड्रोम' असं नाव दिलं. एसआय जॉइंट या दोघांच्या बरोबर मधे बसलाय, त्यामुळे मार दोन्हीकडून.

पण आता दुसरी बाजू, आणि ती ऐकल्याशिवाय कुणी रिपोर्ट घेऊन पळू नका. एसआयमध्ये झीज दिसली म्हणजे तिथेच दुखतंय असं नाही, अजिबात नाही. त्या सांध्यात पसरट हाडाच्या बाजूची कूर्चा, म्हणजे हाडावरचा गुळगुळीत थर, मुळातच पातळ, तिथे तिशी-चाळिशीतच खरबरीतपणा यायला लागतो. ज्यांना काही म्हणजे काहीच दुखत नाही अशा मोठ्या माणसांचे सीटी स्कॅन पाहिले तरी अर्ध्याहून जास्त जणांच्या एसआयमध्ये झीज दिसते. बाई, तुमच्या रिपोर्टात ती दोन्ही बाजूंना आहे आणि दुखतंय फक्त उजवीकडे, हे तुमच्या लक्षात आलं का? रिपोर्ट लिहिणाऱ्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं, ते दुखतंय असं तो म्हणालेलाच नाही.

मग ओळखायचं कसं. पहिलं म्हणजे हात कुठे जातो ते बघायचं. एसआयचा पेशंट बहुतेक वेळा एका बोटाने जागा दाखवतो, कमरेखाली दोन खळ्या असतात ना, त्या खळीच्या जरा खाली. खुब्याचा पेशंट अंगठा आणि बोटांची पकड करून खुब्याच्या बाजूला हात धरतो, बोटं जांघेकडे, अंगठा मागे, आणि म्हणतो इथे आत खोल कुठेतरी. दुसरं म्हणजे हालचाल. खुर्चीवर बसा, गुडघे एकमेकांना चिकटलेले ठेवा आणि दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला न्या. उजवं पाऊल डाव्याच्या निम्मंही जात नसेल आणि जांघेत पकडत असेल तर संशयित खुबा. पायमोजा घालताना, कारमधून उतरताना पाय बाहेर काढताना दुखणं हेही खुब्याचंच. डॉक्टर अजून एक करतात, आडवं झोपवून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून गुडघा बाहेर दाबतात, याला इंग्रजी चारच्या आकड्याची टेस्ट म्हणतात (आपला चार तसा दिसत नाही, सोडा). त्यात जांघेत दुखलं तर खुबा, मागे खळीपाशी दुखलं तर एसआय.

एवढं करूनही कळलं नाही तर सुन्न करणारं इंजेक्शन, पण ते उपचार म्हणून नाही, तपासणी म्हणून. एक्स-रे किंवा सोनोग्राफीत बघत सुई खुब्यात घालायची, सुन्न करायचं औषध सोडायचं आणि पुढचे दोन-तीन तास पेशंटने नेहमी दुखतं तेच करून बघायचं, चालायचं, जिने चढायचे. दुखणं जवळपास गेलं तर गुन्हेगार सापडला. तुम्हाला एसआयमध्ये दिल्यावर 'फरक पडला की नाही सांगता येत नाही', हेच खरं तर उत्तर आहे हो. जांघेत दुखतंय, पाय वळत नाही, एक्स-रेत खुबा झिजलाय, तर आधी खुब्याकडे बघा. एसआयला सध्या बाजूला ठेवा, खुबा सुधारला की तो बऱ्याचदा आपोआप गप्प बसतो.

प्रश्न: वय २६, फुटबॉल खेळतो, क्लबसाठी. आठ महिने जांघेच्या मधोमध दुखतंय, किक मारताना आणि खेळून झाल्यावर जास्त. हर्निया नाही म्हणाले. एमआरआयमध्ये सिम्फिसिसला सूज आणि झीज आलीय. विश्रांती घेतली की बरं, खेळलो की परत तेच. खुबा कधी दुखला नाही, तरी फिजिओ म्हणतो खुबा तपास. का?

उत्तर: फिजिओ हुशार आहे, सोडू नकोस त्याला.

मांडीच्या हाडाचा गोळा नीट गोल हवा आणि त्याला लागून मान बारीक हवी. काहींच्यात गोळा आणि मान जुळतात तिथे हाडाचा उंचवटा असतो, त्याला कॅम म्हणतात. काहींची उखळच जास्त खोल, कड पुढे आलेली, ते पिन्सर. मग पाय वाकवून आत वळवला की हाड हाडाच्या कडेला आदळतं. याला इम्पिंजमेंट म्हणतात, बर्नच्या राइनहोल्ड गांझ यांच्या टीमने २००३ मध्ये हे नीट मांडून दाखवलं की तरुणपणी अशी टक्कर होत राहिली तर पुढे त्याच खुब्यात झीज होऊ शकते. कॅम हा उंचवटा वाढीच्या वयात जोरदार खेळणाऱ्या मुलांमध्ये जास्त दिसतो, तू त्यात बसतोस.

आता याचा सिम्फिसिसशी काय संबंध? किक मारताना पाय जेवढा वळायला हवा तेवढा खुबा वळू देत नाही, हाड आडवं येतं, पण पायाचा वेग काही थांबत नाही, तो उरलेला पीळ जातो ओटीपोटाच्या कड्यात, आणि कड्याचा पुढचा सांधा कुठला, तर सिम्फिसिस. हे नुसतं अंदाजाने बोलत नाहीये, २०१२ मध्ये मृतदेहांच्या खुब्यांवर प्रयोग झाला, खुब्याला मुद्दाम कॅमसारखा उंचवटा बसवला आणि पाय आत वळवला, तर सिम्फिसिसची हालचाल वाढलेली मोजता आली. त्यात भर म्हणजे मांडीच्या आतले स्नायू आणि पोटाचे सरळ स्नायू दोघेही तिथेच येऊन चिकटतात, एक खाली ओढतो, एक वर. म्हणजे त्या सांध्याची आधीच रस्सीखेच चाललेली असते.

त्यामुळे विश्रांतीने बरं वाटणार आणि खेळलं की परत सुरू होणार, यात आश्चर्य काही नाही, मूळ तसंच आहे ना. पाय आत किती वळतो ते मोजून घे, खुब्याचा एक्स-रे काढ, तोही खुब्यासाठी म्हणून वेगळ्या अँगलचा, कारण नुसत्या समोरून काढलेल्या एक्स-रेत कॅम लपतो. पण उंचवटा दिसला की लगेच दुर्बिणीचं ऑपरेशन असंही करू नकोस. असे उंचवटे कधीच न दुखलेल्या खेळाडूंमध्ये भरपूर सापडतात. आधी तीन-चार महिने नीट शिस्तीत मांडीच्या आतले स्नायू, कुल्ल्याचे स्नायू, पोट यांची ताकद वाढव, खोल स्क्वॉट बंद, किकचं प्रमाण हळूहळू वाढव. त्यानेही भागलं नाही तर मग सर्जन.

प्रश्न: माझ्या १२ वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याचा एक्स-रे काढला, नॉर्मल आहे. पण तीन आठवडे तो लंगडतोय. या विषयात बसतं का माहीत नाही.

उत्तर: बसतं, आणि हे पत्र मी सगळ्यात आधी उघडायला हवं होतं. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, एकच नस दोघांना फांद्या देते. या वयात मांडीच्या हाडाचा गोळा वाढीच्या रेषेवरून सरकू शकतो, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये, आणि सरकत असेल तर थांबणं धोक्याचं आहे. लंगडतोय तर आजच्या आज खुब्याचा एक्स-रे, दोन्ही बाजूंचा, आणि तोपर्यंत त्या पायावर वजन नको, खेळ तर नाहीच. लहानपणी असा सरकलेला गोळा तसाच राहिला तर मोठेपणी तोच वर सांगितलेला कॅम होतो आणि चाळिशीच्या आधी खुबा झिजू शकतो. वाचलात की निघा.

प्रश्न: वय ३१. रिपोर्टमध्ये 'सॅक्रोइलायटिस' लिहिलंय, एसआय जॉइंटच्या कडा खाल्ल्यासारख्या. सकाळी उठलं की तासभर कंबर लाकडासारखी, चाललं-फिरलं की बरं. हल्ली डावा खुबाही दुखतो. नेटवर वाचलं की ही झीज आहे आणि आराम करावा. पण आराम केला की जास्त आखडतं...

उत्तर: नेट बंद करा. सॅक्रोइलायटिस म्हणजे एसआय जॉइंटची सूज. तुमचं जे आहे ती झीज वाटत नाही, आणि या अंकात हा फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं जास्त लिहिते.

झीज म्हणजे वापराने, वयाने, वाकड्या भाराने कूर्चा पातळ होणं. ती वापरल्यावर दुखते, संध्याकाळी जास्त, बसून उठलं की दहा-पंधरा मिनिटं आखडते आणि सुटते. तुमचं उलटं आहे, आरामाने वाढतं, हालचालीने कमी होतं, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या वर, वय ४५ च्या आत, तीन महिन्यांहून जास्त दिवस. ही लक्षणं अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस किंवा त्याच्या भावकीतल्या आजाराची. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उठते, सुरुवात बहुतेकदा एसआय जॉइंटपासून. आणि खुबाही यात सापडू शकतो, साधारण तीन-चार पेशंटमागे एकाचा. म्हणजे इथे खुब्यामुळे एसआय नाही आणि एसआयमुळे खुबा नाही, दोघांना एकाच आजाराने पकडलंय.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या सुजेच्या आजारांच्या डॉक्टरांकडे जा, ऑर्थोपेडिककडे नंतर. ते एमआरआय बघतील, रक्तात एचएलए-बी२७ ही आनुवंशिक खूण बघतील (ती पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, तेव्हा नुसत्या त्या रिपोर्टवर घाबरायचं नाही), डोळा कधी लाल होऊन दुखला होता का विचारतील, सोरायसिस, पोटाच्या तक्रारी विचारतील. सुजेवरच्या गोळ्या आणि रोजचा व्यायाम ही पहिली पायरी, त्याने भागलं नाही तर प्रतिकारशक्तीला आवर घालणारी बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत आणि ती चांगली चालतात. खुबा धरला गेलाय म्हणजे आजार जोरात आहे असं धरून चालतात, त्यामुळे उशीर नको. हाडं एकदा जुळून गेली की ती सोडवता येत नाहीत.

प्रश्न: बाळंतपणाला सात महिने झाले. पुढे जांघेच्या मधल्या हाडात आणि मागे दोन्ही बाजूंना दुखतं, कूस बदलताना फार. एक्स-रेत एसआयजवळ पांढरा त्रिकोण दिसतो म्हणे. माझे सांधे ३० व्या वर्षीच झिजले का?

उत्तर: नाही ग. गरोदरपणात अस्थिबंध सैल होतात, सिम्फिसिसमधली फट एरवी चार-पाच मिलिमीटर असते ती दोन-तीन मिलिमीटरने वाढते, हे सगळ्याच बायकांमध्ये होतं. दहाच्या वर गेली तर मात्र जास्त. कड्याचा एक सांधा सैल झाला की बाकी दोघांवर ओढ येते, म्हणून पुढे आणि मागे दोन्हीकडे दुखतं. आणि तो पांढरा त्रिकोण म्हणजे भारामुळे तिथलं हाड घट्ट झालंय, फट शाबूत असते, कडा खाल्लेल्या नसतात. हा प्रकार बाळंतपणानंतर दिसतो, घातक नाही आणि पुष्कळदा पुसटही होत जातो. फक्त वर ३१ वर्षांच्या वाचकाने लिहिलंय तसा तासभराचा ताठरपणा असेल तर मला परत कळव, कारण हे दोन्ही एक्स-रे गोंधळात पाडतात.

तोपर्यंत कूस बदलताना गुडघे एकत्र ठेवून बदल, मधे उशी घे, एका पायावर उभं राहून कपडे घालू नकोस, बसून घाल. ओटीपोटाचा पट्टा चालताना लावला तर चालेल, दिवसभर नको. कुल्ल्याच्या आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओकडून शिकून घे, पट्ट्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त.

प्रश्न: जन्मतः डावा खुबा उथळ होता, लहानपणी प्लॅस्टर झालं होतं. आता वय ३८, चालताना डावीकडे झुकते, लोक विचारतात. डाव्या जांघेत कधीतरी दुखतं पण कंबर आणि कुल्ला रोज दुखतो. कमरेच्या डॉक्टरांकडे जाऊ की खुब्याच्या?

उत्तर: खुब्याच्या, आणि तुमचं चालणं बघायला सांगा, रिपोर्ट नंतर.

एका पायावर उभं राहिलं की शरीर पलीकडे कलंडू पाहतं, ते सावरतात कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू. त्यांचा दांडा आखूड, शरीराच्या वजनाचा दांडा लांब, म्हणून त्यांना खूप जोर लावावा लागतो, आणि या सगळ्याची बेरीज म्हणजे साध्या चालण्यातही खुब्यावर वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. उखळ उथळ असली की तो भार छोट्याशा जागेवर, कडेवर येतो आणि कूर्चा लवकर जाते. उखळ गोळ्याला किती झाकते हे एक्स-रेवर कोनात मोजतात, २५ अंशांच्या वर असलं की ठीक, २० च्या खाली उथळ.

तुम्ही झुकता ते काही खोड म्हणून नाही, शरीराची युक्ती आहे, दुखऱ्या बाजूला धड नेलं की वजनाचा दांडा आखूड होतो आणि खुब्यावरचा भार उतरतो. ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन सर्जननी १८९५ मध्ये वर्णन केलेली चाल ती हीच. पण खुब्याची सुटका होते आणि बिल फाटतं कमरेच्या आणि एसआयच्या नावाने, प्रत्येक पावलाला डावीकडे हेलकावा. म्हणून कंबर रोज दुखते आणि खुबा कधीतरी. कंबर शेकत बसलात तर पुढची दहा वर्षं शेकाल. कूर्चा अजून चांगली असेल तर उखळीचं हाड कापून ती गोळ्यावर नीट फिरवून बसवायचं ऑपरेशन असतं, ते झीज व्हायच्या आधी उपयोगाचं, नंतर नाही. ३८ म्हणजे अजून विचारायची वेळ आहे, फार लांबवू नका.

प्रश्न: वडील ७१, चार महिन्यांपूर्वी उजवा खुबा बदलला. जांघेतलं दुखणं गेलं, पण आता उजव्या कुल्ल्यात मागे दुखतं, आणि म्हणतात पाय लांब झाला. ऑपरेशन चुकलं का?

उत्तर: लगेच तसं म्हणू नका. वर्षानुवर्षं आखडलेल्या खुब्याभोवती स्नायू ओढले जाऊन ओटीपोट तिरकं झालेलं असतं, नवा खुबा बसला तरी ते एका दिवसात सरळ होत नाही, त्यामुळे पाय लांब झाल्यासारखा वाटतो. कधी खरंच लांब होतो, पण सेंटिमीटरच्या आतला फरक बहुतेकांना चालून जातो. सहा महिने तरी बुटात टाच वाढवू नका, नाहीतर तिरकेपणा पक्का होतो.

मागचं दुखणं दोनपैकी एक. एक तर एसआय किंवा मणका आधीपासूनच कुरकुरत होता आणि खुब्याच्या आरडाओरडीत ऐकू येत नव्हता. किंवा नव्या खुब्याने वडील आता जास्त चालतायत, आणि कुल्ल्याचे स्नायू अजून कच्चे. दोन्हींचं उत्तर ताकद, व्यायाम. सर्जनना मात्र दाखवा, आणि ताप, जखमेतून पाणी, जांघेत नव्याने दुखणं, पायावर वजनच न देता येणं यातलं काही झालं तर त्याच दिवशी.

प्रश्न: दम्यासाठी अनेक वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या. जांघ दुखते, एक्स-रे नॉर्मल, एसआयमध्ये किरकोळ झीज. एसआयचेच व्यायाम करतोय.

उत्तर: थांबा. स्टिरॉइडमुळे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा जाऊ शकतो आणि सुरुवातीला एक्स-रे नॉर्मलच येतो. खुब्याचा एमआरआय करा, दोन्ही बाजूंचा. किरकोळ झीज मिळाली म्हणून शोध थांबवला की असं होतं. आणि स्टिरॉइड मनाने बंद करू नका, तेही धोक्याचं.

प्रश्न: खुबा टकटक वाजतो. झीज?

उत्तर: दुखत नसेल तर बहुतेक वेळा स्नायूची दोरी हाडावरून घसरते, तिचा आवाज. दुखत असेल, अडकत असेल तर दाखवा.

प्रश्न: आई ६८, डाव्या खुब्याची झीज, ऑपरेशन नको म्हणते. काठी घे म्हटलं तर डाव्या हातात धरते आणि म्हणते याने कंबर अजून दुखते. वजन कमी करून फायदा होईल का या वयात?

उत्तर: होईल, वर सांगितलेला अडीच-तीनपटीचा हिशोब उलटाही चालतो, किलोभर वजन उतरलं की पावलागणिक खुब्यावरचे दोन-तीन किलो उतरतात. ऑपरेशनची घाई नाही, पण रात्रीची झोप मोडायला लागली, घरातल्या घरात चालणं कमी झालं, की मग नको म्हणून चालत नाही. उशिरापर्यंत ओढलं तर स्नायू सुकतात आणि नंतर सुधारायलाही वेळ लागतो.

काठीचा हात मात्र चुकलाय आणि हे फार जण करतात, कारण दुखऱ्या बाजूला आधार द्यावा असंच मनात येतं. डावा खुबा दुखतो तर काठी उजव्या हातात. डावा पाय टेकताना काठीही टेकायची, म्हणजे लांबून मिळालेला थोडासा आधारही कुल्ल्याच्या स्नायूंचं पुष्कळ काम वाचवतो, खुब्याचा भार उतरतो आणि अंग झुकावं लागत नाही. त्याच बाजूच्या हातात धरली की माणूस काठीवर कलतो, मग कंबर दुखणारच, आई खोटं नाही बोलत. उंची म्हणाल तर बूट घालून सरळ उभं राहिल्यावर हात सैल सोडून मनगटाच्या वळीशी मूठ यायला हवी. पहिले दोन दिवस गोंधळ होईल, तुम्ही शेजारून चाला आणि मोठ्याने म्हणा, काठी आणि डावा, उजवा, काठी आणि डावा, उजवा. खालचं रबर गुळगुळीत झालं की बदला, ओल्या फरशीवर तेच घसरतं.